हिफाजत कोणी कोणाची करायची?
(‘मॅसिव्ह अटॅक’च्या ‘प्रोटेक्शन’ या अल्बमविषयी)

मुस्लिम मराठी साहित्याच्या वार्षिकात इंग्लंडमधल्या एका संचाच्या अल्बमवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही सुरुवातीलाच देतो. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले. त्यानंतर दोनच वर्षांनी बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगली झाल्या. तेव्हापासून आमच्या कथा-कवितांतून आणि परिसंवादांतून ‘असुरक्षितता’ हा शब्द सतत येत राहिला आहे. तो यावा अशीच परिस्थिती होती आणि आहे. पण या शब्दाच्या पाठोपाठ ‘संरक्षण’ हा जो दुसरा शब्द येतो, त्याचा विचार आम्ही फारसा केलेला नाही. संरक्षण म्हटले की ते कोणाकडे तरी मागायचे, सरकारकडे, पोलिसांकडे, शेजारच्या बहुसंख्याकांकडे, एवढेच आमच्या लेखनात गृहीत धरलेले असते. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या आणि ‘संरक्षण’ हेच नाव मिरवणाऱ्या या अल्बममध्ये त्या शब्दाचा निराळा अर्थ लावलेला आहे. तो आपल्या उपयोगाचा आहे, असे आमचे मत आहे.

आधी थोडी ओळख. मॅसिव्ह अटॅक हा ब्रिस्टल शहरातला संच. त्या काळी त्यात तिघे होते : रॉबर्ट डेल नाया, ग्रँट मार्शल आणि अँड्र्यू व्हाउल्स. डेल नायाचे वडील इटलीतून आलेले, मार्शलचे आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. ऐंशीच्या दशकात ‘वाइल्ड बंच’ नावाच्या मित्रमंडळात ही मुले मोठमोठे स्पीकर लावून तबकड्या वाजवत असत. ब्रिस्टल हे जुने बंदर. आफ्रिकेतून माणसे पकडून नेऊन विकण्याच्या व्यापारावर एकेकाळी ते श्रीमंत झाले. १९६३ सालीसुद्धा तिथल्या बस कंपनीत काळ्या आणि आशियाई माणसांना कंडक्टर-ड्रायव्हर म्हणून घेत नसत. त्याविरुद्ध लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, चार महिन्यांनी कंपनी नमली, आणि नंतर जो पहिला गोरेतर कंडक्टर कामावर आला तो रघबीर सिंग नावाचा शीख होता. १९८० साली याच शहराच्या सेंट पॉल्स भागात पोलिसांच्या धाडीनंतर दंगल उसळली. म्हणजे या संगीतामागे आपल्याला ओळखीची वाटेल अशी वस्ती आहे : वेगवेगळ्या मुलखांतून आलेली, मिसळून राहणारी आणि पोलिसांच्या नजरेखाली असणारी.

या संचाचा पहिला अल्बम ‘ब्लू लाइन्स’ १९९१ सालचा. त्याच वर्षी आखाती युद्ध सुरू झाले आणि ‘अटॅक’ हा शब्द तेवढ्यापुरता नको म्हणून त्यांचे नाव नुसते ‘मॅसिव्ह’ असे छापले गेले. पुढे २००३ साली इराकवरील युद्धाला डेल नायाने जाहीर विरोध केला. ब्रिस्टलमधल्या मोठ्या सभागृहाला गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोल्स्टनचे नाव होते, म्हणून हा संच आपल्याच गावातल्या त्या सभागृहात गाण्यास नकार देत राहिला. २०२० साली लोकांनी कोल्स्टनचा पुतळा पाडला आणि त्याच वर्षी सभागृहाचे नाव बदलले. संगीताच्या बाहेरची ही माहिती आम्ही मुद्दाम दिली. मात्र अल्बमची प्रतवारी तिच्यावरून ठरवता येत नाही. चांगल्या भूमिकेचा माणूस वाईट कविता लिहू शकतो, हे आपल्या संमेलनांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे.

या प्रकारच्या संगीताला ‘ट्रिप हॉप’ हे नाव १९९४ साली ‘मिक्समॅग’ या मासिकाने दिले. ते वाजवणाऱ्यांना ते फारसे आवडले नाही, पण चिकटले. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या हिप हॉपमधला ठेका इथे बराच संथ केलेला असतो. जमैकाच्या डब संगीतातला जड बास आणि घुमणारा प्रतिध्वनी त्यात मिसळलेला असतो. जुन्या तबकड्यांतून उचललेले तुकडे पुन्हा पुन्हा फिरवलेले असतात, आणि या सगळ्यावर एखादा आवाज अगदी जवळ येऊन, हळू गातो. द्रुत लयीची सवय असलेल्या कानाला सुरुवातीला हे रेंगाळल्यासारखे वाटते. लाऊडस्पीकरवर लावले तर यातले अर्धे हरवते.

मॅसिव्ह अटॅकचे नाव आपल्याकडच्या काहींना माहीत असेल ते नुसरत फतेह अली खान यांच्यामुळे. १९९० साली मायकेल ब्रूक या संगीतकाराबरोबर नुसरतांनी ‘मस्त मस्त’ हा अल्बम केला. त्याच्या शेवटी त्याच नावाच्या गाण्याचे मॅसिव्ह अटॅकने केलेले रूप आहे. लाल शाहबाज कलंदरांच्या दरबाराशी नाते सांगणारी ती कव्वाली या मंडळींनी संथ, जड बासवर ठेवली. १९९४ च्या जुलैमध्ये ‘मोहरा’ चित्रपट आला. त्यातल्या विजू शाह यांच्या गाण्याने तोच ‘मस्त’ घराघरांत नेला. आमच्या हिंगोलीत, जी तेव्हा परभणी जिल्ह्यात होती, वरातीतले बँडवाले ते गाणे वाजवीत. मूळ कव्वाली ऐकलेली माणसेही त्यावर नाचत. दोन्हीकडे कलंदराचे नाव गळाले, हे खरे. चित्रपटात ‘मस्त’ हे एका बाईच्या रूपाचे विशेषण झाले. ब्रिस्टलच्या रूपात शब्द थोडेच उरले, पण नुसरतांचा आवाज मध्यभागी राहिला आणि त्यांच्या सरगमेला मोकळी जागा मिळाली. अर्थ दोन्हीकडे कमी झाला. मात्र एका ठिकाणी गाणाऱ्याची अदब राखली गेली, आणि हा फरक आम्हाला मोठा वाटतो. मूळ अल्बमचे संकलन करताना ब्रूक यांनी काही ओळी मध्येच कापल्या, तेव्हा अर्थ बिघडतो म्हणून नुसरतांनी ते मान्य केले नव्हते. परक्याचा आवाज आपल्या कामात घेताना त्याच्या संमतीचा आणि अर्थाचा प्रश्न येतोच, हा धडा त्यात होता. ‘प्रोटेक्शन’ ऐकताना तो आठवावा लागतो, कारण हा अल्बम जवळजवळ सगळा इतरांच्या आवाजांवर उभा आहे.

दहा गाण्यांच्या या अल्बममधले पहिले, जवळजवळ आठ मिनिटांचे शीर्षकगीत ट्रेसी थॉर्न या गायिकेने लिहिले आणि गायिले आहे. अडचणीत सापडलेल्या, आडोसा हवा असलेल्या एका मुलीपासून ते सुरू होते. गाणारी तिच्यासमोर उभी राहायला तयार आहे. येणारा घाव आपण घेऊ, असे ती सांगते. इथपर्यंत यात नवे काही नाही. पुढे मात्र गाणे वळते. आता ज्याला आधार हवा आहे तो पुरुष आहे आणि त्याला पाठीशी घालणारी बाई आहे. हे असे नसते, असे कोणी म्हणणारा असेल तर त्यालाही सामोरी जाण्याची तिची तयारी आहे. हे सगळे ती आवाज न चढवता गाते. घोषणेच्या ओळीवरसुद्धा स्वर वर जात नाही. मागे जेम्स ब्राऊन यांच्या एका जुन्या गाण्यातून घेतलेला तुकडा संथपणे फिरत राहतो. मूळ गाणे सूड घेण्याविषयी आहे. सुडाच्या गाण्यातला ठेका घेऊन त्यावर हिफाजतीचे गाणे रचले आहे, हे कळल्यावर ऐकणे बदलते.

हे गाणे ऐकताना आम्हाला दोन कायद्यांची नावे आठवली. शाहबानो प्रकरणाच्या निकालानंतर १९८६ साली मुस्लिम महिलांच्या घटस्फोटावरील हक्कांच्या ‘संरक्षणा’चा कायदा झाला. २०१९ साली त्यांच्या विवाहविषयक हक्कांच्या ‘संरक्षणा’चा कायदा झाला. मध्ये तेहतीस वर्षे गेली, दिल्लीतले पक्ष बदलले, दोन्ही कायद्यांचे हेतू एकमेकांच्या उलट सांगितले गेले. शब्द तोच राहिला. पहिल्या वेळी आमच्या पुढाऱ्यांनी समाजाच्या संरक्षणाची भाषा केली, दुसऱ्या वेळी सरकारने बहिणींच्या संरक्षणाची. दोन्ही वेळी जिची हिफाजत करायची ती मधे उभी होती आणि तिच्या डोक्यावरून बोलणे चालू होते. ती कोणाची हिफाजत करू शकते, करत आली आहे, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. दंगलीत, कर्फ्यूत, धंदा बुडाल्यावर, घरातला कमावता माणूस तुरुंगात गेल्यावर कुटुंब कोणी सांभाळले, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही मोहल्ल्यात विचारावे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्याबरोबर मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेणाऱ्या सात स्त्रिया मुस्लिमच होत्या. दलवाईंच्या मतांशी आमच्या अनेक वाचकांचे भांडण आहे. पण त्या सातजणी स्वतः चालत गेल्या आणि स्वतः बोलल्या, यात वाद होण्यासारखे काही नाही. आमच्या कवितेत आई आहे ती दुवा देणारी, बहीण आहे ती सोसणारी. आडवी उभी राहणारी बाई आमच्या कवितेत अजून फार थोडी आली आहे. थॉर्नचे गाणे ऐकून ही उणीव अधिक बोचली.

दुसरे महत्त्वाचे गाणे ‘स्पाइंग ग्लास’. ते होरेस अँडी या जमैकन गायकाचे आहे. त्यानेच ते काही वर्षांपूर्वी गायिले होते, इथे नव्या साथीवर पुन्हा गायिले. एक रास्ताफारी माणूस निवांत राहायला दुसरीकडे जातो, तर तिथेही लोक दुर्बीण लावून बसलेले. तो काय करतो, कुठे जातो, याच्याच चौकशा. यात हाणामारी नाही, शिवीगाळ नाही. आहे ती फक्त नजर. अँडीचा आवाज उंच, थरथरणारा. तक्रार करतानाही तो गोड राहतो आणि त्या गोडपणामुळेच अस्वस्थ करतो. आमच्या जिल्ह्यातली मुले शिकायला पुण्याला जातात, खोली शोधतात. फोनवर खोली रिकामी असते. नाव सांगितले की ती आताच गेलेली असते. मिळालीच तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस सुरू होते. ही नजर पुढे कुठवर जाऊ शकते, हे मालेगावने पाहिले आहे. २००६ च्या बॉम्बस्फोटात तिथलेच मुस्लिम तरुण आरोपी ठरवले गेले आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. मधली वर्षे कोणत्याही निकालाने परत येत नाहीत. या विषयावर आमच्याकडे पुष्कळ कथा लिहिल्या गेल्या आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच कथा पोलीस दारात येतात तिथे सुरू होतात. त्याआधीची रोजची, सभ्य, हसतमुख टेहळणी लिहायची राहून जाते. ‘स्पाइंग ग्लास’ने नेमके तेवढेच पकडले आहे. शीर्षकगीतासमोर हे गाणे ठेवून पाहावे. तिथे एक माणूस दुसऱ्याला झाकतो, इथे सगळे मिळून एकाला उघडे पाडतात. शिवाय राखण करणारा आणि पाळत ठेवणारा दोघेही पाहतच असतात, मग त्यांच्यात फरक काय, हा प्रश्न या दोन गाण्यांतून उभा राहतो. फरक एवढाच दिसतो की राखण करणारा आपली पाठ तुमच्याकडे करतो आणि तोंड धोक्याकडे.

आता रचनेविषयी. या अल्बमवर नाव तिघांचे आहे. पण थॉर्न दोन गाणी गाते, निकोलेट ही नायजेरियन आईबापांची, ग्लासगोत जन्मलेली गायिका दोन गाते, होरेस अँडी दोन गातो, ट्रिकी नावाचा ब्रिस्टलचाच कवी-गायक दोन गाण्यांत येतो, आणि क्रेग आर्मस्ट्राँग पियानो वाजवतो. डेल नाया मधेमधे, पुटपुटल्यासारखा बोलतो. पाश्चात्त्य बँडमध्ये एक गायक पुढे आणि बाकीचे मागे, अशी रचना आपण पाहतो. इथे यजमान मागे बसले आहेत आणि पाहुण्यांना पुढे बसवले आहे. ‘प्रोटेक्शन’ हा शब्द त्यांनी आपल्या पद्धतीतही पाळला आहे, असे आम्हाला वाटते ते यामुळे.

दुसऱ्यांच्या तबकड्यांतले तुकडे उचलणे ही चोरी नव्हे काय, असे काहींना वाटेल. उर्दू कवितेच्या वाचकाला तरी हा प्रश्न पडू नये. उस्तादाचा मिसरा घेऊन त्यावर आपले मिसरे बांधायचे, याला आपण तज़मीन म्हणतो. कव्वाल चालू कलामात दुसऱ्याचा शेर आणून गिरह लावतो तेव्हा ऐकणारे दाद देतात, कारण मूळ शेर त्यांच्या ओळखीचा असतो आणि नव्या जागी तो नवा अर्थ देतो. गिरह चांगली लागली की दोन्ही शेर उजळतात, वाईट लागली की दोन्ही पडतात. सॅम्पलिंगलाही हीच कसोटी लावावी. सुडाच्या गाण्यावरची हिफाजत ही चांगली गिरह आहे. आणखी एक उदाहरण मनोरंजक आहे. ट्रिकीने ‘कर्माकोमा’ आणि ‘यूरोचाइल्ड’ या गाण्यांतले आपले शब्द १९९५ सालच्या आपल्या ‘मॅक्सिनक्वे’ या अल्बममध्ये निराळ्या साथीवर पुन्हा वापरले. तिथे ते एका मुलीच्या, मार्टिनाच्या, आवाजातही येतात आणि वेगळे वाटतात. ‘कर्माकोमा’ हे नावही आपले कर्म आणि वैद्यकातला कोमा जोडून केलेले आहे. त्यातला कर्माचा अर्थ मात्र वरवरचा आहे, आणि तिथे फक्त शब्दाचा नाद त्यांना हवा होता असे दिसते.

आपल्या घरात दुसऱ्याच्या आवाजाला जागा देण्याची ही रीत आम्हा हिंगोलीकरांना परकी वाटू नये. नामदेवांचे गाव म्हणून ज्याला मान आहे ते नर्सी आमच्या जिल्ह्यात आहे. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात घेतली गेली, म्हणून नर्सीत गुरुद्वाराही आहे. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई त्यांच्या घरी दासी होती. दळण-कांडण करणाऱ्या त्या बाईचे अभंग नामदेवांच्या अभंगांइतकेच घरोघरी पोहोचले. तिने मालकाच्या नावाआड न लपता, ‘नामयाची दासी’ म्हणवून घेतानाही आपली मुद्रा आपली राखली. ज्या घरात दासीला आपला अभंग म्हणता येतो, ते घर तिला खरा आसरा देते. आमच्या साहित्य-चळवळीला हा निकष लावला तर काय दिसते? व्यासपीठ आमचे, अध्यक्ष आमचे, विषय ‘मुस्लिम स्त्रीचे प्रश्न’, आणि बोलणारे पाचांतले चार पुरुष. पिंजारी, तांबोळी, बागवान, फकीर या जमातींतून येणाऱ्या लेखकांनाही आम्ही बहुतेक वेळा साथीलाच बसवले आहे.

अल्बमचे दोषही सांगितले पाहिजेत. ‘वेदर स्टॉर्म’ आणि ‘हीट मायझर’ या दोन शब्दविरहित रचना सुरेख आहेत, पण त्या कुठे नेत नाहीत. पियानो छान वाजतो आणि कान दुसरीकडे जातात. शेवटचे, ‘डोअर्स’ या अमेरिकन संचाच्या प्रसिद्ध गाण्याचे प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित केलेले रूप तर इथे यायलाच नको होते. लोकांच्या आरडाओरड्यात नऊ गाण्यांनी जमवलेली शांतता उधळून जाते. होरेस अँडीसारखा गायक असूनही ते गाणे उपरे वाटते, आणि तज़मीनच्याच भाषेत बोलायचे तर ही गिरह लागलेली नाही. पहिल्या अल्बममध्ये शारा नेल्सन हिच्या आवाजात जो आर्त जोर होता, तो या अल्बममध्ये कुठेच नाही, ही तक्रारही खरी आहे. थॉर्नच्या संयमाचे आम्ही कौतुक केले. पण सगळेच संयमाने बोलू लागले की काही वेळाने तो थकवा वाटू लागतो. १९९८ च्या तिसऱ्या अल्बममध्ये, ‘मेझनीन’मध्ये, या संचाने ही मऊ शय्या टाकून दिली आणि अधिक काळोखे, कठोर संगीत केले. अनेक जाणकार त्यालाच त्यांचे सर्वोत्तम काम मानतात. शक्तीच्या दृष्टीने ते बरोबर असेल. माणसाने माणसाला दिलेला आधार ‘प्रोटेक्शन’मध्येच अधिक आहे.

१९९५ साली गयानात जन्मलेल्या मॅड प्रोफेसर या डब संगीतकाराने हा अल्बम घेऊन आपल्या पद्धतीने पुन्हा बांधला आणि त्याला ‘नो प्रोटेक्शन’ असे खट्याळ नाव दिले. त्यात शब्द जवळजवळ काढून टाकले आहेत. थॉर्नच्या आवाजाचे तुकडे प्रतिध्वनीत येतात आणि विरून जातात, उरतो तो बास आणि रिकामी जागा. संगीत म्हणून काहींना हेच रूप अधिक आवडते. आम्हाला ते ऐकताना वेगळेच जाणवले. आधार देणारीचे वाक्य पुरे होऊ दिले नाही की संरक्षण या शब्दाचा नुसता घुमारा उरतो. गेली कित्येक वर्षे आपल्या सार्वजनिक बोलण्यात तो तसाच घुमतो आहे.

पूर्वी असे अल्बम आमच्याकडे पोहोचतच नसत. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि कळमनुरी-वसमतच्या मुलाच्या खिशातही जगातले सगळे संगीत आले. म्हणून तरुण वाचकांना आमचे सांगणे आहे : हा अल्बम इअरफोन लावून, रात्री, निदान दोनदा ऐका. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी बिघडत नाही. पहिले गाणे आणि ‘स्पाइंग ग्लास’ लागोपाठ लावा. शेवटचे गाणे सोडून दिले तरी चालेल. आणि लिहिणाऱ्यांनी पुढची कथा लिहिताना त्यातल्या आपाला, खालाला किंवा शेजारच्या म्हातारीला एकदा विचारून पाहावे, की तू आजवर कोणाकोणाच्या आडवी उभी राहिलीस? उत्तर मोठे निघेल. ते तिच्याच तोंडून लिहावे आणि मध्येच कापू नये.